छत्र आणि बुंधा

उपग्रहाच्या कॅमेऱ्याला बुंधा दिसत नाही. नवख्या विद्यार्थ्याला मी आधी एवढेच सांगतो. वनरक्षक टेप घेऊन झाडापाशी जातो आणि जमिनीपासून १.३७ मीटरवर खोडाचा घेर मोजतो. कॅमेरा शेकडो किलोमीटरवरून पानांनी परतवलेला प्रकाश टिपतो. एकाच्या वहीत लाकूड, दुसऱ्याच्या चित्रात छत्र. या दोघांची गाठ घालून देणे हाच या शास्त्राचा उद्योग.

देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा पहिला वनस्थिती अहवाल १९८७ साली आला, तेव्हा लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका सुमारे ८० मीटरचा होता. पुढे आपल्याच उपग्रहांवरच्या लिस-३ कॅमेऱ्याने तो २३.५ मीटरवर आणला, आणि हेक्टरभर झाडीही नकाशावर उमटू लागली. पण चित्र स्पष्ट झाले म्हणून ‘वन’ म्हणजे काय, हे ठरत नाही. हेक्टरभर जमिनीवर १० टक्क्यांहून जास्त छत्र असले की ते वनाच्छादन. जमीन कोणाची, झाड कसले, हा प्रश्न नाही. त्यामुळे कोकणातली हापूसची बाग आणि शेजारची देवराई एकाच हिशेबात येऊ शकतात. मोजणारा चुकलेला नसतो, व्याख्याच तशी आहे. वर्तमानपत्रातल्या मथळ्यांवर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी ती वाचलेली नसते, ही माझी जुनी तक्रार.

ऋतूचेही भान हवे. मेळघाटचा साग उन्हाळ्यात उघडाबोडका होतो. ते चित्र पाहून रान तुटले असे कोणीही म्हणेल. पावसाळ्यात ढग आडवे येतात. म्हणून पाने टिकून असतात आणि आभाळ निवळलेले असते, असे पावसाळ्यानंतरचे महिने निवडतात.

रडारला ढगांची अडचण नाही. त्याच्या लांब लहरी पानांतून आत शिरून फांद्या-खोडांवरून परततात. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोटाहून सुटलेल्या निसार या रडार-उपग्रहाकडून वनशास्त्रज्ञांना आशा आहे ती यामुळेच. मात्र रान फार दाट असले की एका मर्यादेपुढे लाकूड वाढते, परतणारा संकेत वाढत नाही. तिथे पुन्हा टेपच काढावी लागते.

म्हणून या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात संगणक नाही. दोरी, टेप आणि वही घेऊन जवळच्या रानात जा, ३१.६२ मीटर बाजूचा चौरस आखा. तो ०.१ हेक्टर भरतो. त्यातली झाडे मोजून झाली, की दुसरे प्रकरण उघडा.