सोलापूरचे आडम, इंग्लंडचे ॲडम्स

इंग्रजी अक्षरांत लिहिलं की सोलापुरातलं ‘आडम’ हे आडनाव परक्याला थेट इंग्रजी वाटतं. इंग्लंडात ‘ॲडम्स’ म्हणजे ॲडमचा मुलगा. तिथे बापाच्या नावाचंच आडनाव झालं. आपल्या नरसय्या आडम मास्तरांचं आडनाव मात्र तेलुगू. पद्मशाली विणकर तेलंगणातून इथे आले ते आपलं ‘इंटिपेरु’, म्हणजे घराचं नाव, घेऊनच. तेलुगूत ते आधी लावतात, पी. व्ही. नरसिंह राव यांच्यातला ‘पी’ म्हणजे पामुलपर्ती, तो असाच. मराठी रीतीत ते शेवटी गेलं. म्हणून आम्ही सांगतो, स्पेलिंगवरून कुणाचं मूळ ठरवू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती आहेत तोवरच.