शाळेतील खोली कोणाची?

शाळेत प्रवेश मिळणे आणि शाळेत आपले मंडळ काढता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा इतिहास आपल्याला पाठ आहे. दुसरीचा आपण फारसा तपासलेला नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले; निदान कागदावर. अस्पृश्यांची मुले नाकारणाऱ्या शाळेला अनुदान नाही, हे धोरणही सरकारने त्याच वर्षी जाहीर केले. सरकारी पैसा घ्यायचा आणि दार लावून घ्यायचे, हे चालणार नव्हते.

परंतु दाराच्या आत काय? हा प्रश्न बाबासाहेबांनी ओळखला होता. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. १९२५ साली तिने सोलापूरला वसतिगृह काढले. तेथील मुलांनी 'सरस्वती विलास' हे मासिक चालविले. मुंबईत सभेने मोफत वाचनालय आणि महार हॉकी क्लब काढला. वरवर या किरकोळ गोष्टी वाटतात. पण चार मुले एकत्र बसून स्वतःचे मासिक काढतात, तेव्हा ती उपकार म्हणून आत घेतलेली मुले राहत नाहीत.

आमच्या डहाणू-तलासरीत तर एकत्र जमणे हेच बंड होते. २३ मे १९४५ रोजी झरीला वारल्यांची सभा भरली आणि वेठबिगारीला नकार दिला गेला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. पाच जण ठार झाले. जमीनदारांना भीती एकट्या वारल्याची नव्हती, जमलेल्या वारल्यांची होती.

घरातला मी पहिला पदवीधर. विवळवेढ्याच्या बाजूला ज्या अनुदानित शाळेत मी शिकलो, तेथे शनिवारी शाळा सुटल्यावर भजनी मंडळाला खोली मिळे. आम्ही सातआठ बौद्ध आणि वारली मुलांनी फुले-आंबेडकर वाचण्यासाठी बुधवारी तीच खोली मागितली. 'शाळेत राजकारण नको,' असे उत्तर मिळाले. भजन ती संस्कृती आणि आमचे वाचन ते राजकारण! ही वर्गवारी कोणी केली? चैत्री यात्रेत महालक्ष्मीच्या गडावर ध्वज लावण्याचा मान आदिवासी पुजाऱ्याचा. आदिवासी मुलाला मात्र बसायला खोली नाही.

राज्यघटनेचे कलम २९ अनुदानित संस्थेतील प्रवेशाचे रक्षण करते. कलम १९ संघटनेचे स्वातंत्र्य देते. शाळा सुटल्यानंतरच्या खोलीचा उल्लेख दोन्हींत नाही. ती मुख्याध्यापकांच्या मर्जीवर राहते.

अमेरिकेने १९८४ साली यासाठी कायदा केला. केंद्राचा पैसा घेणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळेने अभ्यासाबाहेरच्या एका मंडळाला जागा दिली, तर धार्मिक वा राजकीय विचार पाहून दुसऱ्याला ती नाकारता येत नाही. १९९० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. या कायद्यामागे जोर होता तो प्रार्थना मंडळांचा. पुढे समलिंगी विद्यार्थ्यांनीही तोच हक्क मागितला. तेव्हा १९९६ साली सॉल्ट लेक सिटीच्या शाळा मंडळाने अशी सगळीच मंडळे बंद केली. पाणी भरू देण्यापेक्षा विहीर बुजवणारे तेथेही आहेत!

भजनी मंडळाची खोली काढून घ्या, असे माझे म्हणणे नाही. एकाला दिली तर त्याच अटींवर दुसऱ्याला द्या, आणि नकार द्यायचा तर लेखी द्या. अनुदानाच्या अटींत एवढी एक अट वाढवावी. १९२३ साली दारासाठी जे साधन वापरले गेले, तेच आता खोलीसाठी वापरले पाहिजे.