लोखंडही थकतं, त्याचा हिशोब मागायला हवा

जायकवाडी भरलं की आपण पडेगावकर पहिला प्रश्न विचारतो, दरवाजे किती उघडले? धरणाच्या पायथ्याच्या वीजघराबद्दल मात्र कुणी विचारत नाही. तिथं १२ मेगावॅटचा एकच संच आहे, १९८४ चा. त्याची रचना दुहेरी आहे. पाणी खाली सोडलं की वीज तयार होते, आणि वीज शिल्लक असली तर तेच यंत्र उलटं फिरून पाणी परत नाथसागरात चढवू शकतं.

चाळिशी ओलांडलेलं हे यंत्र म्हातारं झालं का? वर्षं मोजून ते कळत नाही. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. धातूचा थकवा म्हणतात तो हाच. जर्मनीत व्होलर यांनी १९व्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून तो मोजला. पुढे १९२४ मध्ये पामग्रेन आणि १९४५ मध्ये माइनर यांनी साधी बेरीज दिली. एखादा ताण १ लाख वेळा सोसून पातं तुटणार असेल आणि तो २० हजार वेळा येऊन गेला असेल, तर पाचवा हिस्सा आयुष्य संपलं. अशा सगळ्या ताणांचे हिस्से मिळवत जायचे.

टर्बाइनच्या पात्यांना सर्वात जास्त झीज सलग चालण्यानं होत नाही. चालू-बंद करताना आणि अर्ध्यामुर्ध्या भारावर, खाली पाण्याचा भोवरा धडका देतो तेव्हा, ताण वाढतो. आता दिवसा सौरवीज असते, म्हणून जलविद्युत संचांना सकाळ-संध्याकाळ पळवावं लागतं. म्हणजे जुन्या यंत्रांच्या वाट्याला फेरे जास्त.

दुर्लक्षाची किंमत रशियानं मोजली. १७ ऑगस्ट २००९ ला सायानो-शुशेन्स्काया केंद्रात दुसरा संच उसळून वर आला, ७५ माणसं गेली. तिथं पाती नाही, झाकणाचे बोल्ट तुटले होते. तपासलेल्या ४९ पैकी ४१ बोल्टना थकव्याच्या भेगा निघाल्या. भेगा एका रात्रीत पडल्या नव्हत्या, पण वेळेत कुणी पाहिल्या नाहीत.

माझं म्हणणं एवढंच, की कुठल्याही जुन्या वीजघराबद्दल ‘किती वर्षांचं?’ एवढंच विचारून थांबू नका. किती वेळा चालू-बंद झालं आणि पात्यांची भेगांसाठी तपासणी शेवटची कधी झाली, हे दोन प्रश्न माहितीच्या अधिकारात आपल्यालाही विचारता येतात. धरण आपलं आहे, तर हिशोबही आपणच मागायचा.