रोमन अक्षरांत नांदलेली मराठी पोथी

ख्रिस्तपुराणातील मराठीची थोरवी सांगणाऱ्या ओव्या शाळेत कानांवरून न गेलेला मराठी माणूस विरळा. परंतु ज्या लिपीत त्या ओव्या तीन शतके जगल्या, ती लिपी आपल्यापुढे सहसा येत नाही. आम्हां जबलपूरकरांना तर लिपी ही भाषेहून निराळी वस्तू आहे याचे भानच राहत नाही. शेजाऱ्याची हिंदी आणि आपली मराठी एकाच अक्षरांत नांदतात. आजोबांच्या पेटीतून मोडीचा एखादा कागद निघाला आणि तो कोणालाच वाचता आला नाही, म्हणजे मात्र ते भान येते.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला व पुढील चाळीस वर्षे बहुतेक साष्टीत राहून १६१९ साली निवर्तला. त्याचे विद्याध्ययन लॅटिनचे. येथील भाषांचे लॅटिन व ग्रीक यांच्याशी साम्य असल्याचे त्याने १५८३ सालच्या पत्रात नमूद केले आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली राचोल येथे छापला गेला, १६४९ व १६५४ साली पुन्हा निघाला. आणि या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही! १६८४ साली देशी भाषेच्या वापराविरुद्ध पोर्तुगीज फर्मान निघाले. ग्रंथ वाचला तो हातांनी उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या जपल्या.

या प्रतींचे रूप पाहण्याजोगे आहे. ओवी मराठी, वळण ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेचे, अक्षरे मात्र लॅटिन आणि त्यांची योजना पोर्तुगीज. 'श'साठी इंग्रजीतील 'एक्स'चे अक्षर, 'ण'साठी 'एन' दोनदा. लेखकाचा एक 'एन' गळला की 'ण'चा 'न' झालाच! अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळुरास हा ग्रंथ पुन्हा रोमन लिपीत छापला.

पुढे १९२०च्या दशकात वादाला तोंड फुटले. मराठी संतचरित्रांचे अनुवादक जस्टिन अ‍ॅबट यांना लंडनमध्ये ख्रिस्तपुराणाची चक्क देवनागरी प्रत आढळली. ती विल्यम मार्सडेन या प्राच्यविद्यासंग्राहकाची. त्याने आपला संग्रह १८३५ साली किंग्ज कॉलेजला दिला आणि तेथून तो प्राच्यविद्यांच्या नव्या विद्यालयाकडे आला. रोमन प्रतींत जेथे लॅटिन-पोर्तुगीज धर्मशब्द येतात, तेथे या प्रतीत संस्कृत शब्द योजिलेले आहेत. अ‍ॅबट यांनी हीच मूळ संहिता मानली. इतरांनी ते मान्य केले नाही.

अ‍ॅबट यांच्या मताचा मोह मराठी वाचकास पडावा हे स्वाभाविक आहे. त्याला एक आधारही आहे. १६०८ साली स्टीफन्सने रोमला आपल्या वरिष्ठांस लिहिले की, या देशाच्या भाषेत व या देशाच्याच अक्षरांत ग्रंथ छापावेत ही आपली फार दिवसांची इच्छा आहे. परंतु युरोपात चोवीस साचे पुरतात तेथे येथे सहाशे ओतावे लागतात, म्हणून ते जमले नाही. म्हणजे रोमन लिपी ही त्याची आवड नव्हे, छापखान्याची अडचण होती. तथापि एवढ्यावरून मार्सडेनची प्रत मूळ ठरत नाही. शुद्ध संस्कृत शब्द मागाहून कोणी घातले असणेही तितकेच शक्य आहे, आणि आम्हांस तेच अधिक संभवनीय वाटते. ज्या लोकांनी उपासनेनंतर ही पुराणे गायिली, त्यांच्या हाती रोमन प्रती होत्या. ग्रंथ त्यांचा आहे. त्यांची अक्षरे आपणांस परकी वाटतात म्हणून त्यांच्या पाठाला गौण लेखणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

१९५६ साली पुण्याच्या शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती काढली व ख्रिस्तपुराण सामान्य मराठी वाचकाच्या हाती आले. १९९६ साली कॅरिदाद द्रागो यांनी रोमन पाठच देवनागरीत उतरविला. त्यासाठी ओवीगणिक ठरवावे लागते की, समोरचा 'टी' हा 'त' आहे की 'ट'.