खणांचं घर, फुटांचं घर

लातूरला मुलाने फ्लॅट घेतला तेव्हा फोनवर पहिल्यांदा क्षेत्रफळच सांगितलं. "माय, अकराशे स्क्वेअर फूट कार्पेट हाय." मी विचारलं, "खण किती?" तो गप्प झाला. त्याने तो शब्द ऐकलाच नव्हता. त्याचा दोष नाही. निलंग्यात घर खणांनी मोजणारी माझी पिढी शेवटची.

खण म्हणजे चार खांबांच्या मधली जागा. सोयरीक ठरवताना जमीन किती याच्या पाठोपाठ प्रश्न यायचा, घर किती खणाचं? पाच खणाचं म्हटलं की बेताचं, बारा खणाचं म्हटलं की तालेवार. खण वाढवायचा तर खांब हवा, तुळई हवी, आणि लाकूड महाग. त्यामुळे खणांच्या आकड्यावरून घरची ऐपत कळायची. गरिबाच्या घरात खांब नसायचेच, तुळया थेट दगडी भिंतीवर टेकवलेल्या असायच्या. हा फरक किती मोठा होता ते पुढे कळलं.

माझे वडील गवंडी होते. अण्णांच्या हाताखाली मी माती कालवली आहे. खांबावर तुळई, तुळईवर आडवी लाकडं, त्यांवर किलचा, किलचांवर पाला, मग चिखल, आणि सगळ्यात वर पांढरीची माती. पांढरी म्हणजे गावठाणाची जुनी, खारट माती. तिच्यातून पाणी उतरत नाही. हे मातीचं सपाट छत म्हणजे माळवद. मृगाच्या आधी दरवर्षी त्यावर नवा थर पडायचा. जुना थर कोणी काढत नसे.

आमच्या गल्लीत सात घरांची माळवदं एकमेकांना लागून होती. उन्हाळ्यात बायका खाली न उतरता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायच्या. एकीच्या कुरडया, दुसरीचे पापड, तिसरीचं बाळ, राखण मात्र सगळ्यांची एक. सवण्यातून, म्हणजे माळवदातल्या उजेडाच्या भोकातून, खाली हाक मारली की चुलीपाशी बसलेली बाई वर बघायची. दाराशी ढाळज, म्हणजे बसायची ओसरी, तिथे वाटसरूला सुद्धा बसता यायचं. भिंतीत धान्याचं बळद, अंगणात आड. निजामाच्या राज्यातले शेवटचे दिवस सांगताना आजी त्या बळदाकडे बोट दाखवायची. 1948 च्या धामधुमीत घरातलं सोनं-नाणं तिथे ज्वारीच्या तळाशी होतं.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. भूकंपाचं केंद्र असलेली किल्लारी शेजारच्या औसा तालुक्यातली, पण निलंगा तालुक्याच्या गावांतही घरं पडली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे 8 हजार माणसं गेली. त्यांतली बहुतेक आपल्याच घराच्या दगडमातीखाली गेली. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, आत-बाहेर दोन थर, मधे चिखल आणि बारीक दगड, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड नाही. डोक्यावर वर्षानुवर्षं साठलेली माती.

चौथ्या दिवशी मी अण्णांबरोबर आत्याच्या गावी गेले. आत्या वाचली होती. तिच्या घराच्या चारही भिंती बाहेर कोसळल्या होत्या, पण खांबांवर माळवद तसंच उभं होतं. समोरच्या, खांब नसलेल्या घरात कोणी उरलं नव्हतं. अण्णा खांबाला हात लावून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "लाकडानं धरलं, दगडानं सोडलं." पुढे इंजिनिअरांनीही तेच नोंदवलं: जिथे छताचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे माणसं वाचण्याची शक्यता जास्त होती.

आमच्या बोलण्यात चौरस फूट आले ते तेव्हापासून. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं, 52 गावं नव्या जागी वसली. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400, त्याहून जास्त जमीन असेल तर 750. सरळ रस्ते, सुटी सुटी घरं. माणसं जिवंत राहतील अशी घरं दिली, याबद्दल कोणी वाकडं बोलू नये. पण ढाळज कोणत्याच नकाशात नव्हती. निलंग्यातही लोक महिनोन्‌महिने पत्र्याखाली झोपले आणि परतले ते माळवद उतरवायलाच. अण्णांना त्यानंतर माळवदाचं नवं काम कधीच मिळालं नाही.

मुलाच्या फ्लॅटला 62 लाख पडले. 2017 पासून रेरा कायद्याने कार्पेट एरियावरच विक्री करावी लागते, म्हणून त्याला प्रत्येक फूट पाठ आहे. ट्यूशन एरिया जवळ, त्यामुळे किंमत वाढतच जाणार, असं तो सांगतो. मी तिथे सहाव्या मजल्यावर झोपते आणि मला भीती वाटत नाही. 1993 नंतर माझ्या वयाच्या बाईला ही लहान गोष्ट नाही. पाण्याचं मात्र मनातून जात नाही. एप्रिल 2016 मध्ये याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आमच्या गल्लीतल्या सात घरांत तीन आड होते.

आता गल्लीतला एक वाडा पाडून चार मजले उभे राहिले आहेत. विकणारा सांगतो, नीलकंठेश्वराचं देऊळ जवळ, बाजार जवळ, शेजार चांगला. हे सगळं खरं आहे. चालुक्यकाळातलं ते तीन गाभाऱ्यांचं देऊळ शेकडो वर्षं तिथे आहे, आणि शेजार चांगला आहे तो माळवदावर एकमेकींची पोरं राखणाऱ्या बायकांमुळे. त्यांच्या वारसांना जागेचे पैसे मिळाले. शेजाराचा मोबदला कुठल्याच खरेदीखतात लिहिलेला नाही.

माळवदात राहा, असं मी कोणाला सांगणार नाही. पण निलंग्यात, औशात, उमरग्यात ज्यांचं माळवद अजून उभं आहे, त्यांनी ते उतरवण्याआधी एक दिवस द्यावा. वहीच्या पानावर नकाशा काढा. खण किती, खांब कुठल्या लाकडाचे, बळद कुठे, आड कुठे, ढाळजेत कोण बसायचं, ते लिहा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारून लिहा, आणि ते याच उन्हाळ्यात करा.