मानोरा तालुक्यातील माध्यमिक शिक्षण आणि गोरबोली भाषक विद्यार्थी

मानोरा हा महाराष्ट्राच्या वाशीम जिल्ह्यातील एक तालुका होय. या तालुक्यात बंजारा (गोर) समाजाची मोठी वस्ती असून समाजाच्या तांड्यांवरील घरांत गोरबोली बोलली जाते. तांड्यावरील विद्यार्थी गावाच्या व्यवहारात वऱ्हाडी ऐकतो, पाठ्यपुस्तकात प्रमाण मराठी वाचतो आणि त्यासोबत हिंदी व इंग्रजी शिकतो. माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात मराठीचा उल्लेख ‘प्रथम भाषा’ असा असतो. या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र ती दुसरी किंवा तिसरी भाषा असते. वेळापत्रक आणि घर यांच्यातील हे अंतर ओळखून शाळा कोणते साहाय्य देऊ शकते, कायद्याचा व शासकीय योजनांचा त्यास कितपत आधार आहे आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा आढावा या लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. केंद्र शासनाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांचा समावेश झाला. गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) यांच्यासह वाशीम हा त्यांपैकी एक आहे. शिक्षण हा त्या कार्यक्रमाच्या मूल्यमापनाचा एक प्रमुख घटक आहे.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. देशभरातील बंजारा समाजाचे हे श्रद्धास्थान असून त्यास ‘बंजारा समाजाची काशी’ असेही म्हटले जाते. रामनवमीला येथे मोठी यात्रा भरते. समाजाचा इतिहास व संस्कृती मांडणाऱ्या बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्‌घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे झाले. १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक याच समाजाचे. त्यांचे जन्मगाव गहुली हे यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यात आहे.

महाराष्ट्रात बंजारा समाजाची गणना विमुक्त जातींमध्ये होते. तेलंगण व आंध्र प्रदेशात लंबाडा समाज अनुसूचित जमातींत, तर कर्नाटकात लंबाणी समाज अनुसूचित जातींत मोडतो. त्यामुळे एकाच भाषेच्या विद्यार्थ्यांना राज्यागणिक वेगवेगळ्या विभागांच्या शैक्षणिक योजना लागू होतात. महाराष्ट्रातील विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांहून वेगळ्या असून त्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या कक्षेत येतात.

भाषिक स्थिती

गोरबोली ही इंडो-आर्य कुळातील, राजस्थानी गटाशी जवळीक असलेली भाषा आहे. गोरमाटी, लमाणी, लंबाडी, बंजारी या नावांनीही ती ओळखली जाते. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिल्ली व खानदेशी बोलींसोबत तिचे वर्णन आले आहे. तिला स्वतःची रूढ लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत, तेलंगणात तेलुगू लिपीत आणि कर्नाटकात कन्नड लिपीत लिहिली जाते. २०११ च्या जनगणनेत ‘लमाणी/लंबाडी’ ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे ३३ लाख, तर ‘बंजारी’ सांगणाऱ्यांची सुमारे १६ लाख होती. या दोन्ही नोंदी जनगणनेच्या वर्गीकरणात हिंदीखाली धरल्या आहेत. भाषेचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समावेश व्हावा, ही समाजाची जुनी मागणी आहे.

परिसरातील मराठी ही वऱ्हाडी बोली होय. ‘मला’, ‘तुला’ यांऐवजी ‘मले’, ‘तुले’ ही रूपे आणि ‘ळ’ च्या जागी अनेकदा ‘य’ चा उच्चार (‘डोळा’ऐवजी ‘डोया’) ही तिची परिचित लक्षणे आहेत. वऱ्हाडी म्हणजे अशुद्ध मराठी, हा समज भाषाशास्त्राला मान्य नाही. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानले जाणारे तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्र’ हे वऱ्हाडातील रिद्धपूरशी निगडित आहे.

एका साध्या शब्दप्रयोगात या तीन भाषारूपांमधील अंतर दिसते. प्रमाण मराठीत ‘माझे घर’, वऱ्हाडीत ‘माहं घर’, तर गोरबोलीत ‘मारो घर’ असे म्हणतात. मराठीत ‘घर’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. राजस्थानी व हिंदीप्रमाणे गोरबोलीत पुल्लिंग व स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे असल्याने तेथे तो पुल्लिंगी ठरतो. गोरबोली भाषक विद्यार्थी ‘माझा घर’ किंवा ‘माझा नाव’ असे लिहितो, तेव्हा त्यामागे निष्काळजीपणा असतोच असे नाही. घरच्या भाषेचा नियम त्याने नव्या भाषेला लावलेला असतो.

कायदे व धोरणे

भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरवाव्यात, असे संविधानाच्या अनुच्छेद ३५०-क मध्ये नमूद आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने हा अनुच्छेद जोडला गेला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. कलम ४ नुसार शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत, आणि शक्यतो आठवीपर्यंत व त्यापुढेही, घरची भाषा किंवा मातृभाषा हे माध्यम असावे.

या सर्व तरतुदींचा भर प्राथमिक व उच्च प्राथमिक स्तरावर आहे. अनुच्छेद ३५०-क प्राथमिक शिक्षणापुरता आहे, शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी असून आठवीपर्यंतच्या शिक्षणाला लागू होतो, आणि धोरणाचा भरही प्रामुख्याने आठवीपर्यंतच्या शिक्षणावर आहे. परिणामी, पाठ्यपुस्तकांची भाषा सर्वांत अवघड होते त्या नववी-दहावीच्या टप्प्यावर भाषिक साहाय्याची जबाबदारी बहुतांशी शाळेच्या व शिक्षकाच्या पुढाकारावर राहते.

‘बालभारती’ या नावाने परिचित असलेले महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (स्थापना १९६७) मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी आणि तेलुगू या आठ माध्यमांची पुस्तके तयार करते. गोरबोलीचा त्यांत समावेश नाही.

शालेय भाषायोजना

मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला मराठी (प्रथम भाषा), हिंदी किंवा संस्कृत अथवा दोहोंची संयुक्त योजना, आणि इंग्रजी असे तीन भाषाविषय असतात. प्रथम भाषेसाठी ‘कुमारभारती’ हे पाठ्यपुस्तक आहे. अन्य माध्यमांच्या शाळांत मराठी द्वितीय भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी ‘अक्षरभारती’ हे तुलनेने सोपे पुस्तक आहे. उर्दू माध्यमातील विद्यार्थी मराठी शिकतो, तेव्हा ती त्याची दुसरी भाषा आहे हे व्यवस्थेने गृहीत धरलेले असते. मराठी माध्यमातील गोरबोली भाषक विद्यार्थ्याच्या बाबतीत तसे गृहीत धरलेले नाही. त्यामुळे त्याच्या अडचणींची नोंद ‘दुसऱ्या भाषेचा विद्यार्थी’ अशी होण्याऐवजी ‘मराठीत कच्चा’ अशी होण्याचा संभव असतो.

साहाय्याच्या पद्धती

नोंद व निदान : शाळेच्या प्रवेश-नोंदवहीत आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यात मातृभाषेचा रकाना असतो. तो सरसकट ‘मराठी’ असा न भरता पालकांना विचारून भरल्यास वर्गातील भाषिक वैविध्य प्रथमच कागदावर येते. त्यानंतर वाचन, लेखन, श्रवण आणि भाषण यांची स्वतंत्र चाचणी घेतली, तर नेमकी अडचण कोठे आहे हे कळते.

संवादभाषा आणि अभ्यासभाषा : कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये दैनंदिन संवादाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. पहिली साधारणपणे दोन वर्षांत आत्मसात होते. दुसरीला पाच ते सात वर्षे लागू शकतात. बाजारात सफाईने मराठी बोलणारा विद्यार्थी विज्ञानातील ‘प्रकाशसंश्लेषण’ किंवा नागरिकशास्त्रातील ‘विकेंद्रीकरण’ या शब्दांपाशी का अडतो, याचे उत्तर या भेदात मिळते. म्हणून विषयवार शब्दसूची, धड्याआधी शब्दांची तोंडी ओळख आणि गणितातील शाब्दिक उदाहरणांचे वाक्यावाक्याने वाचन या कामांत मराठीच्या शिक्षकाइतकाच विज्ञान व गणिताच्या शिक्षकाचाही सहभाग आवश्यक ठरतो.

घरच्या भाषेचा उपयोग : राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने वर्गातील बहुभाषिकतेकडे अडथळा म्हणून न पाहता साधन म्हणून पाहिले आहे. विद्यार्थ्यांनी एखाद्या मुद्द्यावर आधी आपसांत गोरबोलीत चर्चा करून नंतर उत्तर मराठीत लिहिणे, ही त्याची सोपी रीत होय. होळीची लेंगी गीते, विवाहप्रसंगीचे ढावलो आणि सेवालाल महाराजांविषयीच्या मौखिक कथा देवनागरीत उतरवून त्यांचा मराठी अनुवाद करणे हा भाषा प्रकल्पाचा विषय होऊ शकतो. अशा प्रकल्पात वडीलधाऱ्या मंडळींचे ज्ञान शाळेत येते आणि वर्गातील मराठी भाषक मुलांनाही शेजारच्या भाषेची ओळख होते.

चुकांचे विश्लेषण : लिंग, विभक्तिप्रत्यय आणि क्रियापदांची रूपे यांतील वारंवार होणाऱ्या चुकांची वही ठेवून त्यांवर दोन भाषांच्या तुलनेने पाठ घेतल्यास सुधारणा नेमकी होते. गोरबोलीची हिंदीशी असलेली जवळीक लक्षात घेता हिंदीचा तासही तुलनेसाठी उपयोगी पडतो.

पूरक वाचन : ‘अक्षरभारती’तील पाठ प्रथम भाषेच्या वर्गात पूरक वाचन म्हणून वापरता येतात. त्यामुळे विहित अभ्यासक्रमात बदल न करता वाचनाची एक मधली पायरी उपलब्ध होते.

अध्ययन अक्षमता आणि भाषाभेद

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश असून विशिष्ट अध्ययन अक्षमता हा त्यांपैकी एक आहे. समावेशक शिक्षण, लेखनिकाची सोय आणि परीक्षेत जादा वेळ यांचा आधार या कायद्यात आहे. समग्र शिक्षा योजनेत (२०१८ पासून) विशेष शिक्षकांची तरतूद असून शाळा गट साधन केंद्रामार्फत त्यांचे मार्गदर्शन घेऊ शकतात.

बहुभाषिक वर्गात दोन प्रकारची चूक संभवते. दुसऱ्या भाषेमुळे मागे पडलेल्या मुलास अक्षमता असल्याचे मानले जाऊ शकते. उलटपक्षी, खरोखर अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाची अडचण ‘तांड्यावरचा आहे, मराठी येत नाही’ असे म्हणून दुर्लक्षित राहू शकते. ही दुसरी चूक अधिक नुकसानकारक ठरते, कारण प्रमाणपत्राअभावी त्या मुलास परीक्षेतील सवलत मिळत नाही. मुलाची तोंडी समज घरच्या भाषेत तपासणे हा यावरचा प्राथमिक उपाय मानला जातो. गोरबोलीत गोष्ट नीट सांगणारा व समजणारा विद्यार्थी पुरेशा सरावानंतरही अक्षरे व शब्द उलगडण्यात अडत असेल, आणि ही अडचण मराठी, हिंदी व इंग्रजी या तिन्हींत दिसत असेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी आवश्यक ठरते.

स्थलांतर आणि शिक्षणातील खंड

विदर्भ व मराठवाड्यातील अनेक बंजारा कुटुंबे ऊसतोडणी, वीटभट्टी आणि बांधकाम यांसाठी हंगामी स्थलांतर करतात. ऊसतोडणीचा हंगाम साधारणपणे दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे शैक्षणिक वर्षाचे दुसरे सत्र जवळजवळ पूर्णपणे त्यात जाते. पालकांबरोबर गेलेल्या मुलाचा मराठीशी असलेला लेखी संबंध या काळात तुटतो. अशा मुलांसाठी राज्यात हंगामी वसतिगृहे आणि दुसऱ्या गावच्या शाळेत प्रवेश सुलभ करणारे शिक्षण हमी कार्ड या योजना राबवल्या गेल्या आहेत. निवासी आश्रमशाळांमुळे शिक्षणातील खंड टळतो. मात्र तेथे मूल घरच्या भाषेच्या वातावरणापासून वर्षाचा बराच काळ दूर राहते.

शालान्त परीक्षा

दहावीची परीक्षा महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ घेते. वाशीम जिल्हा या मंडळाच्या अमरावती विभागात येतो. भाषाविषयांसाठी ८० गुणांची लेखी परीक्षा व २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन अशी रचना आहे. २०१९ च्या परीक्षेत हे २० गुण काढून लेखी परीक्षा १०० गुणांची करण्यात आली होती. त्या वर्षी राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढील वर्षी अंतर्गत गुण पुन्हा सुरू झाले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. या चढउतारामागे अन्य कारणेही होती : २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा होता, तर २०२० मध्ये कोविड साथीमुळे भूगोलाची परीक्षा रद्द झाली होती. तरीही मौखिक मूल्यमापनाचे महत्त्व या निमित्ताने चर्चेत आले. ज्यांचे बोलणे लेखनाच्या पुढे असते, अशा दुसऱ्या भाषेच्या विद्यार्थ्यांना तोंडी परीक्षेत आपली समज दाखवण्याची संधी मिळते. मात्र हे गुण प्रत्यक्ष परीक्षा न घेता सरसकट दिले गेल्यास मौखिक भाषेचा सराव घडत नाही आणि मूल्यमापनाचा हेतूही साध्य होत नाही.

मर्यादा व मतभेद

गोरबोली जाणणारा शिक्षक प्रत्येक शाळेत उपलब्ध असतोच असे नाही, आणि माध्यमिक विषयांसाठी त्या भाषेत पाठ्यसामग्रीही तयार झालेली नाही. शासकीय पातळीवरील मातृभाषाधारित प्रयोग प्रामुख्याने प्राथमिक स्तरावरचे आहेत; ओडिशाने दहा आदिवासी भाषांतून सुरू केलेला बहुभाषिक शिक्षणाचा कार्यक्रम हे त्याचे परिचित उदाहरण होय.

पालकांमध्येही एकमत नाही. घरच्या भाषेला शाळेत स्थान मिळाल्याने मुलाचा आत्मविश्वास वाढतो, असे एक मत आहे. शाळेचा वेळ मराठी व इंग्रजीसाठीच खर्च व्हावा, कारण नोकरी त्या भाषांतून मिळते, असे दुसरे मत आहे. तांड्यावरील मुलांची स्वतंत्र तुकडी करण्यास विरोध असतो. त्यामुळे मदत मिळण्याऐवजी वेगळेपणाचा शिक्का बसतो, असा आक्षेप घेतला जातो. म्हणून वर वर्णिलेल्या पद्धती एकत्रित वर्गातच राबवण्यावर भर दिला जातो. घरची भाषा मराठीपर्यंत पोहोचण्याची पायरी म्हणून वापरणे, हा या दोन्ही मतांना सामावून घेणारा मार्ग मानला जातो.