एकाच पायाला सूज आलीय? रक्ताच्या गुठळीचा धोका असा ओळखा

लांबच्या प्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर पाय सुजला की आपल्याकडे घरोघरी एक उपाय ठरलेला असतो, तो म्हणजे तेल लावून पाय चोळणं. पण सूज एकाच पायाला असेल आणि पोटरी दुखत असेल, तर थांबा. ती रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळल्यामुळे ती जागची सुटण्याचा धोका असतो.

गुठळी कशी होते?

बोट कापलं की प्लेटलेट्स आणि फायब्रिन नावाचं प्रथिन मिळून रक्तस्राव थांबवतात. ही गुठळी आपल्या फायद्याचीच. पण जखम नसताना रक्त शिरेच्या आतच गोठलं, तर प्रवाह अडतो. पायाच्या खोल शिरेत असं झालं तर त्याला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस किंवा डीव्हीटी म्हणतात.

जिवाला धोका कधी?

गुठळीचा तुकडा सुटला, तर तो हृदयातून पुढे जाऊन फुफ्फुसात अडकतो. यालाच पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. अचानक धाप लागणं, श्वास घेताना छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त पडणं, भोवळ येणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी वाट पाहू नका, 108 वर फोन करा.

कोणी जपायला हवं?

- मोठं ऑपरेशन झालेले किंवा अंथरुणाला खिळलेले रुग्ण
- गरोदर महिला आणि बाळंतिणी. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे विशेष जोखमीचे असतात.
- इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या महिला
- कॅन्सरचे रुग्ण, लठ्ठ व्यक्ती आणि घरात कुणाला पूर्वी हा त्रास झालेले लोक

निदान आणि उपचार

डॉप्लर सोनोग्राफीत गुठळी दिसते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या गुठळी वाढू देत नाहीत. ती हळूहळू विरघळवण्याचं काम शरीरच करतं. म्हणूनच बरं वाटलं तरी गोळ्या मनाने बंद करू नयेत. वॉरफेरिन सुरू असेल, तर पालेभाज्यांचं प्रमाणही अचानक कमी-जास्त करू नये, कारण त्यातलं व्हिटॅमिन के औषधाच्या परिणामात बदल घडवतं.

काय काळजी घ्याल?

चार तासांपेक्षा जास्त प्रवास असेल, तर अधूनमधून उठून चाला. बसल्या जागी पावलं वर-खाली करा, पाणी पीत राहा. ऑपरेशन किंवा बाळंतपणानंतर डॉक्टर परवानगी देताच हळूहळू चालायला लागा. आराम हवाच, पण दिवसभर पडून राहणं म्हणजे आराम नव्हे.